अमर कहाणीतले कोटणीस आणि भैय्या चौकातले कोटणीस

बाहेरगावचा पाहुणा आला की आम्ही सोलापूरकर त्याला सिद्धेश्वराच्या तळ्यावर नेतो, निघताना कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून देतो, आणि वाटेत भैय्या चौक लागला की रिक्षातूनच हात करून सांगतो, “ते डॉक्टर कोटणिसांचं घर. माओनं बोलावलं म्हणून चीनला गेले आणि तिकडंच लढाईत शहीद झाले.” तेवढ्यात रिक्षा पुढे निघते. पाहुणा मान डोलावतो, आपल्यालाही शहराचं ऋण फेडल्यासारखं वाटतं.

त्या एका वाक्यात चुका किती आहेत, हे मी बऱ्याच उशिरा मोजलं. आपल्या गावचा माणूस म्हटल्यावर कोणी तपासायला जात नाही. म्हणून लोक जे बोलतात आणि प्रत्यक्षात जे घडलं, ते इथे समोरासमोर मांडतो आहे.

“माओनं बोलावलं म्हणून गेले”

हाक आली ती चीनच्या आठव्या रूट आर्मीचे सेनापती झू दे यांच्याकडून, १९३७ साली, आणि ती आली जवाहरलाल नेहरूंकडे. जपानने चीनवर चढाई केलेली होती, जखमी सैनिकांना डॉक्टर नव्हते. पुढच्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोसांनी देशाला आवाहन केलं. जुलैत ‘चीन दिन’ पाळून वर्गणी गोळा झाली. हातात आलेली रक्कम सुमारे २२ हजार रुपयांची होती, आणि त्या काळात ती लहान नव्हती.

इंग्रज सरकारने कोणाला पाठवलं नाही. उलट कोलकात्याच्या एका डॉक्टरला पासपोर्टच नाकारला, म्हणून त्याच्या जागी बिजय बसू आले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाच्या एका पक्षाने, वर्गणी काढून, दुसऱ्या देशाच्या युद्धात वैद्यकीय पथक पाठवलं. मला विचाराल तर या सगळ्या कथेतली सर्वांत नवलाची गोष्ट हीच आहे, आणि रिक्षातून सांगताना नेमकी तीच गळते.

पथकात पाच जण होते. अलाहाबादचे मदन अटल प्रमुख, स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. नागपूरचे चोळकर, वयाने सगळ्यांत मोठ्यांपैकी. बंगालचे बसू आणि देबेश मुखर्जी. आणि सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस, मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून शिकून बाहेर पडलेले. १० ऑक्टोबर १९१० चा जन्म, म्हणजे १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून ‘राजपुताना’ बोट सुटली तेव्हा त्यांना अठ्ठाविसावं पुरं व्हायचं होतं. करार वर्षभराचा होता.

आणि बोटीतून उतरून ते थेट माओच्या गुहेत गेले, हेही खरं नाही. पहिले काही महिने पथकाने चांग कै-शेक यांच्या सरकारच्या मुलखात काम केलं. वुहान शहर जपान्यांच्या हाती गेलं, पथक चोंगछिंगला सरकलं. तिथे असतानाच कोटणिसांना वडील गेल्याची बातमी कळली. परत जा, असं सहकाऱ्यांनी सुचवलं. ते गेले नाहीत. येनानला, म्हणजे कम्युनिस्टांच्या राजधानीत, पथक पोचलं ते फेब्रुवारी १९३९ मध्ये.

“साधंसुधं गिरणगाव, तिथल्या मुलाला राजकारण काय ठाऊक”

हे वाक्य मी सोलापूरच्याच माणसाच्या तोंडून ऐकलं आहे, म्हणून जास्त लागलं. कोटणीस एकोणीस वर्षांचे होते तेव्हा, मे १९३० मध्ये, या शहरात मार्शल लॉ लागला होता. गांधीजींच्या अटकेनंतर लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, शहर लष्कराच्या ताब्यात गेलं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. चार हुतात्मा चौकाचं नाव त्यावरून आहे. असं गाव आपल्या मुलाला राजकारण वेगळं शिकवत नाही.

शिवाय भाषा. सोलापूरच्या एका गल्लीत मराठी, शेजारी पद्मशाली विणकरांचं तेलुगू, पलीकडे कानडी, आणि बाजारात दखनी. चार भाषा कानावर घेत वाढलेल्या पोराला पाचवीची भीती वाटत नाही, असं मी म्हणेन. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण कोटणीस चिनी बोलायला शिकले, नुसतं कामापुरतं बोलायला नव्हे, तर त्या भाषेत वर्ग घेण्याइतकं शिकले, हा मात्र पुरावा आहे.

“बेथ्यून यांचा उजवा हात होते”

डॉ. नॉर्मन बेथ्यून आणि डॉ. कोटणीस ही नावं चीनमध्ये जोडीने घेतली जातात, त्यामुळे दोघे एका टेबलावर शस्त्रक्रिया करत असतील असं चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं. बेथ्यून कॅनडाचे. ते १९३८ च्या वसंतातच येनान सोडून पुढच्या आघाडीवर गेले होते. तिथे शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली, विष रक्तात भिनलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला ते वारले. पेनिसिलिन अजून रणभूमीवर पोचलं नव्हतं. कोटणीस आणि बसू त्या भागात पोचले १९४० मध्ये. बेथ्यून आणि कोटणीस यांची भेट कधीच झाली नाही.

कोटणिसांना मिळाली ती बेथ्यून यांची जागा. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले. रुग्णालय म्हटल्यावर आपल्या सिव्हिलसारखी इमारत मनात आणू नका. शान्शी, छाहार आणि हपेई या प्रांतांच्या सीमेवरच्या डोंगराळ खेड्यांत, शेतकऱ्यांच्या घराघरांत विखुरलेले जखमी, हे रुग्णालय. एकाच जागी ठेवले तर जपानी तुकडीच्या एका फेरीत सगळे सापडायचे. शत्रू येतो आहे अशी वर्दी आली की जखमींना डोंगरात हलवायचं, चालू शकणाऱ्यांना गावकऱ्यांत मिसळायचं, हत्यारं-औषधं खेचरांवर लादायची आणि वाट धरायची. खेचराच्या पाठीवर मावेल असा शस्त्रक्रियेचा सरंजाम बेथ्यून यांनी आखून ठेवला होता. जखमीला लांब मागे रुग्णालयाकडे न्यायचं नाही, डॉक्टरनेच आघाडीजवळ जायचं, हे त्यांचं सूत्र. गोळी लागल्यापासून चाकू लागेपर्यंतचा वेळ जितका कमी, तितके माणसाचे हातपाय वाचतात.

त्याच काळात जपानी फौजेने या मुलखात जी मोहीम चालवली तिला चिनी लोक ‘तीन सगळे’ म्हणतात: सगळे मारा, सगळं जाळा, सगळं लुटा.

“डॉक्टर होते, म्हणजे मागे सुरक्षित”

हा गैरसमज ‘लढाईत शहीद झाले’च्या उलट्या टोकाचा. काहींना ते बंदूकधारी सैनिक वाटतात, काहींना छावणीतले डॉक्टर. त्यांनी बंदूक घेऊन लढाई केली नाही. पण ज्या सैन्यात ते होते ते पायदळ होतं, तेही मोटारी नसलेलं. सैनिक चालले की डॉक्टरही चालले. अंगावर तोच गणवेश, खायला तेच भरड धान्य. ऑगस्ट १९४० पासून ‘शंभर रेजिमेंटां’ची म्हणून जी मोठी मोहीम झाली, तिच्यात आघाडीच्या जवळ राहून त्यांनी शेकडो जखमींवर उपचार केले. सलग बहात्तर तास ते टेबलापासून हलले नाहीत असं सांगतात. हा आकडा इतक्या वेळा छापला गेला आहे की तो आता आरतीसारखा म्हटला जातो. मला त्या तासांपेक्षा ती वर्षं मोठी वाटतात. तीन दिवस कोणीही ताकदीचा माणूस रेटून नेईल. येनानला पाऊल ठेवल्यापासून पावणेचार वर्षं तेच डोंगर, तेच जुलाब-ताप-गँगरीन, आणि एक एक करून घरी परतणारे सोबती, हे रेटायला वेगळा माणूस लागतो. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्ये परतले, अटल १९४० मध्ये. त्यात कमीपणा काही नाही. प्रकृती ढासळली होती, आणि करार तर वर्षाचाच होता.

“आधीपासून कम्युनिस्ट होते”

गेले ते काँग्रेसच्या पथकातून. चिनी कम्युनिस्ट पक्षाचं सदस्यत्व घेतलं जुलै १९४२ मध्ये, मरणाच्या पाच महिने आधी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. यातली आपल्या सोयीची एक निवडून दुसरी झाकणारे दोन्हीकडे आहेत.

“पिक्चरमध्ये दाखवलंय ना”

आता मुख्य मुद्द्यावर येतो. कोटणिसांबद्दल महाराष्ट्राला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं एका चित्रपटातून आलं आहे: ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’, १९४६. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कोटणीसही तेच; चिनी परिचारिका चिंग लान झाल्या जयश्री; संगीत वसंत देसाईंचं. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांच्या इंग्रजी पुस्तकावरून घेतलेली. ते पुस्तक १९४४ चं, आणि त्याचा मुख्य आधार चीनहून परत आलेल्या बसूंनी सांगितलेली हकिगत.

चित्रपटात प्लेगची साथ आहे, तिच्यावर इलाज शोधणारा डॉक्टर आहे, जपान्यांच्या तावडीत सापडणं आहे. प्रेक्षकाला नायक हवा होता, देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता. शांतारामबापूंनी जे केलं ते त्या काळाला शोभणारं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आपल्याबद्दल आहे. तिकीट काढून पाहिलेली गोष्ट आपण दप्तरी नोंद समजून बसलो.

नोंद अशी आहे. १९४१ पासून कोटणिसांना अपस्माराचे, म्हणजे फिटचे झटके येऊ लागले. उपचारासाठी या भागातून बाहेर पडा, असा सल्ला त्यांना दिला गेला. त्यांनी तो मानला नाही. कामाचा बोजा, अपुरं खाणं, झोपेचा पत्ता नाही. झटके वाढत गेले. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे, हपेई प्रांतातल्या थांग तालुक्यातल्या एका खेड्यात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. गोळीने नाही, प्लेगने नाही. ज्या आजाराचं नाव आजही आपल्याकडे दबक्या आवाजात घेतात, लग्नाच्या बोलण्यात लपवतात, त्या आजाराने. मला वाटतं, गोळीची दंतकथा इतकी टिकली त्यामागे हेही एक कारण असावं. फिट येऊन गेलेल्या माणसाला ‘शहीद’ म्हणायला आपली जीभ अडखळते. अडखळण्याचं काही कारण नाही. सैन्याच्या सेवेत, आघाडीच्या मुलखात, आजार अंगावर काढत काम करताना आलेलं ते मरण होतं.

“त्यांचं आत्मचरित्र कुठे मिळेल?”

शाळेतल्या मुलांना प्रकल्प करायला सांगतात, मग पालक पुस्तकाच्या दुकानात हा प्रश्न घेऊन येतात. आत्मचरित्र नाही. बत्तिसाव्या वर्षी माणूस आठवणी लिहायला बसत नाही.

इथे एक दूरचा माणूस आठवतो. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या मोबील गावचा युजीन स्लेज, कोटणिसांहून तेरा वर्षांनी धाकटा, मरीन होता. मरीन म्हणजे जहाजावरून किनाऱ्यावर उतरून लढणारं पायदळ. १९४४ मध्ये पेलेलिऊ बेटावर आणि १९४५ मध्ये ओकिनावावर तो त्याच जपानी फौजेशी लढला. रोजनिशी ठेवायला बंदी होती, म्हणून खिशातल्या बायबलच्या नव्या कराराच्या प्रतीत तो चोरून टिपणं करी. युद्ध संपल्यावर तो जीवशास्त्राचा प्राध्यापक झाला, आणि त्या टिपणांवरून लिहिलेलं पुस्तक आलं १९८१ मध्ये. छत्तीस वर्षांनी! चिखल, कुजलेली प्रेतं, आपल्याच सोबत्यांचं पशू होत जाणं, काहीही न झाकता लिहिलेलं. आज मरीनांच्या आठवणी म्हटलं की पहिलं नाव त्याचंच निघतं. ओकिनावानंतर त्याची पलटण पेकिंगला, आजच्या बेजिंगला गेली, आणि त्या दिवसांवरचं त्याचं दुसरं पुस्तक मृत्यूनंतर, २००२ मध्ये छापलं गेलं. बेजिंगच्या जवळपास चहूबाजूंनी हपेई प्रांत आहे. कोटणीस ज्या प्रांतात गेले, त्याच्या मधोमध तीन वर्षांनी हा मरीन पहारा करत होता.

स्लेजला पुढची पंचावन्न वर्षं मिळाली, म्हणून त्याचं युद्ध त्याच्या तोंडून कळतं. कोटणिसांचं युद्ध आपल्याला दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावं लागतं. तरी तोंडं कमी नाहीत. बसू १९४३ पर्यंत चीनमध्ये होते आणि नेमाने डायरी लिहीत होते. ती पुढे इंग्रजीत पुस्तकरूपाने आली. (हेच बसू नंतर भारतात अॅक्युपंक्चर आणणाऱ्यांत अग्रणी ठरले.) धाकटे बंधू मंगेश कोटणीस यांनी इंग्रजीत चरित्र लिहिलं. आणि पत्नी ग्वो छिंगलान यांनी आपल्या सहजीवनाच्या आठवणी लिहिल्या. चित्रपटातल्या चिंग लानला आपण ओळखतो, पण खऱ्या छिंगलानबाई २०१२ पर्यंत, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षापर्यंत हयात होत्या, हे सांगितलं की लोक दचकतात. त्या परिचारिकांना शिकवणाऱ्या शिक्षिका. लग्न १९४१ च्या अखेरचं. संसार जेमतेम वर्षाचा.

कोटणिसांनी स्वतः लिहिलं ते वेगळंच. घरी धाडलेली पत्रं, आणि शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक. बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत खेड्यातली पोरं शिकायला येत. त्यांच्यासाठी चिनी भाषेत त्यांनी शस्त्रक्रियेच्या सामान्य तत्त्वांचा भाग पुरा केला आणि पुढचा, एकेका अवयवाच्या शस्त्रक्रियेचा, लिहायला घेतला. झटक्यांच्या त्या शेवटच्या महिन्यांत हेच चाललं होतं. तो भाग अपुरा राहिला. युद्धावर गेलेल्या माणसाने मागे आपल्या पराक्रमाची वही ठेवली नाही, पुढच्या पोरांना जखम कशी शिवायची त्याची ठेवली. तिला मी त्यांचं आत्मचरित्र म्हणतो. ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल वाद घालावा.

“मुलगा तिकडे मोठा डॉक्टर आहे”

हे मी लग्नाच्या पंगतीत, अगदी खात्रीने सांगितलेलं ऐकलं आहे. मुलगा झाला होता ऑगस्ट १९४२ मध्ये. न्ये रोंगझेन या सेनानींनी त्याचं नाव ठेवलं यिनहुआ: ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. कोटणिसांचं चिनी नाव के दिहुआ, त्यातलाही ‘हुआ’ तोच. ते नाव लग्नामुळे मिळालं असंही काहीजण सांगतात, पण पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांचा शेवट ‘हुआ’नेच होतो. बाप गेला तेव्हा यिनहुआ साडेतीन महिन्यांचा होता. तो वैद्यकीय शिक्षणच घेत होता, हे मात्र खरं. शिकत असतानाच, १९६७ मध्ये, पंचविशीच्या आत तो वारला.

“चीनने विसरलं” आणि “भारताने विसरलं”

दोन्ही तक्रारी मी ऐकल्या आहेत, बहुधा एकाच माणसाकडून. १९६२ च्या युद्धाने या नावाभोवती अवघडलेपण आलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चीनने १९८२ मध्ये त्यांचं टपाल तिकीट काढलं आणि भारताने १९९३ मध्ये. चीनचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाची भेट हा जणू शिरस्ता झाला. २००६ मध्ये हू जिंताओ मुंबईत त्यांना भेटले, २०१३ मध्ये ली केचियांग. भैय्या चौकातल्या घराचं महापालिकेने स्मारक केलं. विसरणं ही अडचण नाहीच. पाहुण्याला घेऊन जाल तेव्हा रिक्षा थांबवा, आत जा आणि ‘लढाईत गेले’ हे वाक्य बाहेरच ठेवा.

कोटणिसांना आधी त्या खेड्याच्या परिसरातच पुरलं होतं. पुढे त्यांचे अवशेष हपेईची राजधानी शिजियाझुआंग इथल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत नेले. आवाराच्या एका बाजूला बेथ्यून यांची समाधी आहे, दुसऱ्या बाजूला कोटणिसांची.